घोडा, मैदान आणि चटणी

आमचा मिक्सर गेला. एकोणीस वर्षं सेवा करून, इडलीची उडीद डाळ वाटता वाटता, कामावर असतानाच गेला. आधी त्याचा आवाज चढला, मग घोगरा झाला, मग स्वयंपाकघरात जळकट वास सुटला आणि मग शांतता पसरली. मी धावत जाऊन त्याला उताणा केला. मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असतं. भार फार झाला की ते आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचवतं. थोडा वेळ थांबून आत दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू होतो. यंत्राविषयी माझं ज्ञान या बटणापाशी सुरू होऊन तिथेच संपतं. मी ते दाबलं, पुन्हा दाबलं, नाडी बघावी तसं दाबून धरलं. शेवटी ही म्हणाली, "सोडा आता. मोटर जळली. वास येत नाही का तुम्हाला?"

नवा मिक्सर निवडण्याची जबाबदारी मी आपण होऊन अंगावर घेतली. त्याला कारण आहे. गेली तीस वर्षं मी फावल्या वेळात पुस्तकांची परीक्षणं लिहितो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही वस्तूत चांगलं काय आणि वाईट काय हे सांगण्याचा परवाना आपल्याकडे आहे, असा माझा समज आहे. आता खाजगीत सांगायला हरकत नाही, पुष्कळदा मी पुस्तकाचं मलपृष्ठ वाचतो, प्रस्तावना चाळतो, मधलंच एखादं पान उघडतो आणि लिहायला बसतो. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लेखकांच्याही नाही. तीच पद्धत मिक्सरला लावायची, एवढंच काम होतं.

मिक्सरचं मलपृष्ठ म्हणजे त्याचं खोकं. दुकानात गेलो तर भिंतभर खोकी रचलेली. प्रत्येकावर एक हसतमुख गृहिणी आणि तिच्याहून मोठा एक आकडा: ५००, ७५०, १०००. वॅट. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, पाचशे आता कोण घेतं? हजार घ्या. दगडसुद्धा वाटून देईल." आमच्याकडे दगड वाटण्याचे प्रसंग तसे क्वचितच येतात. तरीपण घरात एवढं सामर्थ्य असलेलं बरं, असं मला वाटलं. शाळेतलं एक वाक्यही आठवलं: एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे साडेसातशेचा मिक्सर घेतला की ओट्यावर अख्खा एक घोडा, वर चार वॅट त्याच्या चंदीला. हजाराचा घेतला तर सव्वा घोड्याच्याही वर. आमच्या घराण्यात आजवर घोडा फक्त लग्नात आला, तोही भाड्याचा.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांना हा घोडा सांगितला तेव्हा ते हसले. म्हणाले, "अहो, तो आकडा मोटर वीज किती खाते त्याचा आहे. काम किती करते त्याचा नव्हे. खाल्लेल्यातलं काही पात्यापर्यंत पोचतं, बाकीचं उष्णतेत आणि आवाजात जातं." मला माझ्या ऑफिसातल्या काही मंडळींची एकदम आठवण झाली. त्यांचंही मोजमाप आम्ही कायम खाण्यावरूनच करत आलो.

मग त्यांनी मला खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिकवलं. घरगुती मिक्सर अखंड चालण्यासाठी नसतो. साधारणपणे पाच मिनिटं काम, दोन मिनिटं विश्रांती, असे सहा वेळा मिळून तीस मिनिटं, असा त्याचा करार असतो. आमच्या जुन्या मिक्सरला दिवाळीत हा करार कुणीच दाखवलेला नव्हता. मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात, ते झिजतात आणि बदलता येतात. जारच्या बुडाशी दातेरी कपलर असतो. पातं अडकलं तर आधी तो स्वस्तातला कपलर तुटावा आणि महागातली मोटर वाचावी, हे बरं. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो वॅटचा नाही, कपलर, ब्रश आणि जारची पाती आपल्या गावात मिळतात का, हा. राहता राहिलं विजेचं बिल. साडेसातशे वॅटचा मिक्सर दहा मिनिटं चालला तर एका युनिटचा आठवा हिस्सा जळतो. त्यामुळे काटकसर म्हणून लहान मिक्सर घेतो असं कुणी सांगितलं, तर त्याला हिशेब येत नाही असं समजावं.

एवढ्यात अमेरिकेतून मुलाचा फोन आला. "बाबा, तुम्ही इथलाच ब्लेंडर घ्या. दोन हॉर्सपॉवर!" त्याच्या घरचा हा दोन घोड्यांचा ब्लेंडर मी पाहिलेला आहे. त्यात कच्चा टोमॅटो टाकून सहा-सात मिनिटं फिरवला की नुसत्या घर्षणाने वाफाळणारं सूप बाहेर येतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण हिने तिथे ओल्या नारळाची चटणी करायला घेतली, तेव्हा पाती खाली मोकळीच फिरत राहिली आणि नारळ उंच भांड्याच्या भिंतींना चिकटून वरून मजा बघत बसला. मग सूनबाईने एक दांडा दिला आणि वरून ढोसायला सांगितलं. दोन घोडे जुंपलेत आणि मागून ढकलायला बाई पाहिजे, ही गाडी काही हिला पटली नाही. शिवाय तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. घोडे आपल्या पाण्यावर जगले नसते.

यात त्या यंत्राचा दोष नाही. समीक्षकाने कलाकृतीचा मूळ हेतू बघावा म्हणतात. ब्लेंडरचा जन्मच मुळी पेयांसाठी झाला. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या स्टीफन पॉप्लाव्स्कीने भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं ते माल्टेड दूध घुसळायला. १९३७ मध्ये फ्रेड वेअरिंग नावाच्या वाद्यवृंदाच्या संचालकाने असाच एक ब्लेंडर बाजारात आणला. पुढे पोलिओच्या लशीवर काम करताना जोनास साल्कनेही वेअरिंगचाच ब्लेंडर वापरला. एवढी थोर कुळकथा आहे. पण पेयाला भोवरा लागतो आणि भोवऱ्याला पाणी लागतं. आपल्या वाटणात पाणी घालायचं ते चमच्याने, आणि तेही सासूबाईंची नजर चुकवून.

आपल्याकडचा दणकट मिक्सर जन्मला तो याच अडचणीतून. माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे मोडून पडला. त्यांचे पती सत्य प्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी आपल्या मसाल्यांना आणि डाळींना पुरी पडेल अशी पाचशे-सहाशे वॅटची मोटर घेऊन मिक्सर बनवला, १९६३ च्या सुमारास. त्याचं नाव सुमीत, म्हणजे चांगला मित्र. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मिक्सर या शब्दाऐवजी लोक हेच नाव घेत. या हकिकतीत मला मोटरीपेक्षा नवऱ्याचं नवल वाटतं. बायकोने स्वयंपाकघरातून तक्रार केली आणि नवऱ्याने ती ऐकली! आमच्याकडे असं झालं असतं तर मी "बघू" म्हणालो असतो आणि देश अजून पाट्यावरच वाटत बसला असता.

पाट्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. परीक्षणात मी तोही कॉलम ठेवला होता. पाटा-वरवंटा रगडतो, मिक्सर कापतो. त्यामुळे चवीत फरक पडतो हे खरं आहे. मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फेरे घेणारं पातं वाटण तापवतंही. म्हणून जाणत्या बायका गार पाणी घालतात आणि थांबून थांबून फिरवतात. आपल्या काव्यशास्त्रात साधारणीकरण नावाची एक अवघड गोष्ट आहे. प्रत्येकाचं वेगळेपण गळून सगळे एका रसात मिसळतात, असं काहीतरी. मला ती कॉलेजात कधी समजली नाही, पण खोबरं, धने, लसूण आणि मिरची जारमध्ये तीन मिनिटं फिरताना बघितली आणि लगेच समजली. पाट्यावर मात्र लसूण शेवटपर्यंत लसूण राहते, अशी चार वाक्यं मी छान लिहून काढली आणि हिला वाचून दाखवली. "आईच्या हातच्या पाट्यावरच्या वाटणाची सर कशालाच नाही" हे पाचवं.

ही म्हणाली, "तुम्ही कधी वाटलंय पाट्यावर?"

मी गप्प बसलो. आम्ही घरात आठ माणसं होतो. माझी आई रोज सकाळी जमिनीवर बसून आठ जणांचं वाटण वाटायची. तिच्या उजव्या तळव्याला घट्टे पडलेले होते आणि पुढेपुढे तो हात खांद्याच्या वर जात नसे. आमटी भुरकताना मी चवीचं कौतुक पुष्कळ केलं, हाताकडे कधी बघितलं नाही. म्हणजे हेही पुस्तक मी मलपृष्ठावरूनच वाचलेलं होतं. पाचवं वाक्य मी खोडलं.

शेवटी आम्ही दोघं दुकानात गेलो. मी हजाराच्या खोक्यापुढे उभा राहिलो. हिने खोक्यांकडे बघितलंच नाही. "जार दाखवा," म्हणाली. जार उचलून वजन पाहिलं, भरल्यावर किती होईल याचा अंदाज घेतला. झाकण उजव्या हाताने लावून काढलं. दोन वर्षांपूर्वी हिचं ते मनगट मोडलं होतं. ते सांधलं, पण घट्ट झाकण फिरवताना अजून दुखतं, हे मला दुकानात कळलं. घरात माझ्यासमोर हजार वेळा झाकण लावलं असेल. मग तिने पात्याखालच्या फटीत जपून बोट घातलं, वाटण कुठे अडकेल आणि घासणी कुठपर्यंत पोचेल ते बघायला. मिक्सर चालू करायला लावला आणि म्हणाली, "सकाळी सहाला हा आवाज चालेल का हो शेजारी?" आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान जार हातात घेऊन त्या मुलाला विचारलं, "यात दोन माणसांची चटणी होईल ना? भिंतीला नाही ना चिकटणार?"

तो मुलगा म्हणाला, "काकू, पण पाहुणे आले, फॅमिली आली तर? हजार घेऊन ठेवा."

ही हसली नुसती. मी मात्र जरा दचकलो. जुना मिक्सर आणला तेव्हा घरात सहा पानं मांडली जायची. आई होती, अण्णा होते, दोन्ही मुलं होती. मोठा जार रोज भरायचा. गेली किती वर्षं त्या मोठ्या जारच्या तळाशी ही दोघांपुरतं वाटण चमच्याने खाली ढकलत होती आणि मी पेपर वाचत होतो. मी हजार वॅट शोधत होतो ते कुणासाठी? घोडा घ्यायला निघालो होतो, मैदान केव्हाच रिकामं झालं होतं.

आम्ही पाचशेचा घेतला. माझा निष्कर्ष असा की घरात रोज दोशाचं पीठ वाटलं जात असेल, हळकुंडं आणि वर्षाचे मसाले कुटले जात असतील, माणसं पाच-सहा असतील, तर साडेसातशेचा घोडा खुशाल बांधावा. दोघांना पाचशे भरपूर होतात; फक्त लहान जार खरोखर लहान हवा. हजाराचा ज्यांना दगड वाटायचे आहेत त्यांनी घ्यावा. आणि निवड कुणी करावी, तर झाकण जो रोज फिरवतो त्याने.

या शेवटच्या वाक्याचा परिणाम असा झाला, की मिक्सर घरी आल्यावर हिने खोबरं, मिरच्या, कोथिंबीर आणि लहान जार माझ्यापुढे ठेवला. "झाकण आजपासून तुम्ही फिरवा." मी आयुष्यात पहिल्यांदा मूळ ग्रंथ उघडला. गार पाणी घातलं, थांबून थांबून फिरवलं, एकदा झाकण नीट न लावल्यामुळे ओट्यामागच्या भिंतीवरही थोडं परीक्षण उमटलं. पण चटणी झाली. भिंतीला चिकटली नाही, कपलर तुटला नाही, लाल बटण बाहेर आलं नाही. वाटीत काढून हिच्यापुढे ठेवली आणि नवोदित कवी संपादकाकडे बघतो तसा बघत उभा राहिलो.

हिने बोटावर घेऊन चाखली. बराच वेळ काही बोलली नाही. मग एकाच शब्दात परीक्षण केलं:

"मीठ?"