गुरुवारी नाटक नसतं

बाबांची सुट्टी गुरुवारी असायची. पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचं कुणी कामाला होतं त्यांना यात नवल वाटणार नाही. इतरांसाठी सांगतो. सगळ्या कारखान्यांना एकाच दिवशी सुट्टी दिली, तर उरलेले सहा दिवस विजेवर सगळा भार एकदम येतो. म्हणून राज्यातल्या औद्योगिक पट्ट्यांना साप्ताहिक सुट्टीचे वार वेगवेगळे वाटून दिलेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. मी शाळेत तेव्हा बाबा घरी, मी घरी तेव्हा ते फर्स्ट शिफ्टला. त्यात गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा आणि पाणी बंद ठेवायचाही वार. त्यामुळे बाबांच्या सुट्टीचं माझ्या मनातलं चित्र म्हणजे बंद पंख्याखाली बनियनवर बसून पेपर वाचणारा माणूस. त्या पेपरात नाटकांच्या जाहिराती असत आणि बाबा त्या वाचतही. पण दहावीपर्यंत आम्ही तिघांनी मिळून एकही नाटक पाहिलं नाही. नाटकं शनिवार-रविवारी असतात.

आता मी हिंजवडीत नोकरी करतो आणि मला आठवड्याला दोन सुट्ट्या आहेत. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर प्रश्न येतो, ‘विकांताला काय?’ हा शब्द मराठी आंतरजालाने घडवला आणि तो मला आवडतो. ‘एकांत’सारखा ऐकू येतो म्हणून असेल, पण त्यात एकांत अजिबात नसतो. उत्तरं ठरलेली. बाणेरला स्टँडअप, बोर्ड गेम्सचा कॅफे, चाकावर मातीची भांडी करण्याची कार्यशाळा, पावसाळा असेल तर बसने नेऊन बसने आणणारा ट्रेक, आणि काहीच सुचलं नाही तर सिंहगडावर पिठलं-भाकरी, म्हणजे पर्यायाने सिंहगडाच्या घाटात गाडीत बसून काढलेला दीड तास. प्रत्येकाला वेळेचा स्लॉट आहे, कालावधी आहे, ‘कोणासाठी योग्य’ असा रकाना आहे. यातलं बरंचसं मी केलंय. माझ्या हातचा एक वाकडा मग घरी आहे, त्यात पेनं ठेवतो. तक्रार मजेबद्दल नाही. फक्त या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते. सोमवारी ‘काय केलंस?’ असं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हाती असलं पाहिजे, या हिशेबाने ते बेतलेलं असतं. वार्‍यावर गेलेला रविवार आम्हाला टाइमशीटमधल्या रिकाम्या रकान्यासारखा बोचतो.

मराठी नाटक आता याच यादीतली एक ओळ झालंय, आणि या लेखाचा विषय तो आहे. नाटकाबद्दल बोलायचा माझा अधिकार फार नाही. इंजिनीअरिंगला असताना दोन वर्षं पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या कॉलेजच्या एकांकिकेची प्रकाशयोजना सांभाळली, एवढंच. पण त्या खटाटोपाने एक सवय लागली. समोरचं दृश्य पाहताना ते कशामुळे असं झालंय, कुठली अडचण त्यात मुरली आहे, हे शोधायला डोळा लागतो.

व्यावसायिक मराठी नाटकातली सगळ्यात मोठी अडचण विकांत हीच आहे. नट सोमवार ते शुक्रवार मालिकांच्या शूटिंगला असतात, त्यामुळे प्रयोग प्रामुख्याने शनिवार-रविवारी. महापालिकेची नाट्यगृहं मोजकी आणि त्या दोन दिवसांच्या तारखांवर सगळ्यांचा डोळा. पुण्यात साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ असे प्रयोग लागतात. बालगंधर्वला दुपारचा प्रयोग संपला की सेट उतरवून टेम्पोत घालायचा आणि संध्याकाळी चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात पुन्हा उभा करायचा. हे गणित एकदा समजलं की अलीकडच्या कितीतरी नाटकांचा आकार आपोआप उलगडतो. पात्रं चार-पाच, कारण जास्त माणसांच्या तारखा जुळत नाहीत. एकच दिवाणखाना, कारण तो तासाभरात उतरला आणि चढला पाहिजे. दोन अंक, मध्ये बटाटावड्यापुरता वेळ. सोफ्याच्या उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, डावीकडे बाल्कनी. दोन टूबीएचके फ्लॅट मी नुसत्या रंगमंचांवर पाहून मनात सजवले आहेत.

अडचणींनी आकार ठरवण्यात काही वाईट नाही, सगळ्याच कलांत ते होतं. खटकतं ते त्या आकारात काय भरलं जातं ते. विकांताचं नाटक प्रेक्षकाबद्दल एक गोष्ट गृहीत धरतं: हा माणूस पाच दिवस पिळून निघालाय, त्याला भरपाई हवी आहे. त्यामुळे मध्यंतरापर्यंत हसवायचं, मध्यंतरानंतर डोळे ओले करायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांना सगळ्यांची माफी मागायला लावायची. टाळ्या वाजतात, दिवे लागतात, आपण घरी आईला जरा जास्त प्रेमाने ‘जेवलीस का’ विचारतो. सोमवारी स्टँडअप मीटिंग.

तुलनेसाठी जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ घ्या. सत्तरच्या दशकातलं नाटक. म्हातारे नाना-नानी, एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. आजच्या नाटकातही म्हातारं जोडपं आहे, अमेरिकेतला मुलगा आहे, एकटेपणा आहे. पण दळवी त्या जोडप्याला झोपेच्या गोळ्यांपर्यंत नेतात आणि तिथेच सोडतात. आज तसाच प्रसंग व्हिडिओ कॉलवर मिटतो. मुलगा रडतो, बाप विनोद करतो, सून सुद्धा चांगली निघते. मला शोकांतच हवा असा हट्ट नाही. पण दळवींनी प्रेक्षकाला दोषी ठेवून घरी पाठवलं होतं, आणि आजचं नाटक त्याच अपराधाची पावती फाडून देतं. मी पुण्यात राहतो, आईबाबा माझ्यापासून अर्ध्या तासावर चिंचवडला, तरी त्या व्हिडिओ कॉलच्या प्रसंगात मीही रडलो आहे. रडून बाहेर आल्यावर इतकं हलकं वाटलं की त्या आठवड्यात घरी गेलोच नाही.

इथे कुणी म्हणेल की हा विनोदी नाटकांवरचा नेहमीचा राग आहे. तसं नाही. प्रशांत दामलेंनी २०२२च्या नोव्हेंबरात १२,५०० प्रयोगांचा टप्पा गाठला. एकच वाक्य हजाराव्या वेळीही त्याच जागी, त्याच श्वासावर टाकणं हे सोपं काम नाही आणि ते पाहताना मला निव्वळ कारागिरीचा आनंद होतो. हसवणारं नाटक प्रामाणिक असू शकतं. मला त्रास होतो तो उपदेशाची गोळी हास्यात गुंडाळणार्‍यांचा. बाणेरच्या कॅफेतल्या मराठी स्टँडअपचंही थोडंफार तेच. हिंजवडीचा ट्रॅफिक, मॅनेजर, सोसायटीतल्या काकू. आपल्याच आठवड्याची नक्कल पैसे देऊन पाहायची. पहिल्या दहा मिनिटांत मोकळं वाटतं, नंतर लक्षात येतं की शनिवारी रात्रीसुद्धा आपण फेज टूच्या सिग्नललाच उभे आहोत.

मग प्रायोगिक रंगभूमी? शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, एरंडवण्यातलं द बॉक्स. इथे नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि दिवे कुठे टांगलेत तेही, म्हणून मला या जागा जवळच्या वाटतात. पण प्रयोग इथेही बहुधा विकांतालाच, आणि त्याचं कारण मालिका नव्हेत. इथले कितीतरी नट दिवसा माझ्यासारखीच नोकरी करतात. त्यांच्या दोन सुट्ट्या नसत्या तर ही रंगभूमी कशी चालली असती कोण जाणे. त्यामुळे विकांताला सरसकट शिव्या घालता येत नाहीत. अडचण इतकीच की मंचावर आम्ही, खुर्चीवर आम्ही, प्रयोगानंतरच्या चर्चेतही आम्हीच. आपल्या वर्गाच्या अस्वस्थतेवर आपल्याच वर्गाने माना डोलावायच्या. गुरुवारी सुट्टी असलेला माणूस तिथे मी अजून पाहिलेला नाही.

रविवारची सुट्टी हा प्रकार मुळात त्याच माणसामुळे आला, हे विसरायला होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने १८८४पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. रविवार खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. कामगाराने भांडून मिळवलेला वार पुढे विजेच्या हिशेबात कामगाराच्याच हातून सुटला, निदान आमच्या भागात, आणि शनिवार जोडून तो आम्हाला मिळाला. शहराने सगळी करमणूक मग त्या दोन दिवसांत नेऊन बसवली.

कोविडनंतर नाट्यगृहं उघडली तेव्हा बाबा निवृत्त झालेले होते. मी पहिल्यांदाच तिघांची तिकिटं काढली. रविवार, रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, ‘संगीत देवबाभळी’. प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेलं-बसवलेलं हे नाटक २०१७ साली व्यावसायिक रंगमंचावर आलं. दोन गायिका-अभिनेत्री, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी. एवढंच मनुष्यबळ. म्हणजे वर मोजलेल्या अडचणींच्या चौकटीत हे नाटक अगदी चपखल बसतं. तरीही ते त्या साच्यात बसत नाही, आणि का बसत नाही हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुकोबांची बायको आवली रोज भाकरी घेऊन नवर्‍याला शोधत डोंगर चढते. पायात बाभळीचा काटा मोडतो, विठ्ठल येऊन तो काढतो, आणि जखमी, गरोदर आवलीच्या घरी कामाला म्हणून रखुमाई येते, लखुबाई नावाने. आवलीला ती कोण हे माहीत नाही. दोघींच्या गप्पा म्हणजे हे नाटक. एकीचा नवरा देवाने नेला, दुसरीचा भक्तांनी. आवली विठ्ठलाला शिव्या घालते आणि त्या शिव्या ऐकायला त्याचीच बायको बसलेली आहे. हसू येतं, पण ते आपल्याला मोकळं करत नाही. कारण हसत असताना समोरच्या बाईचं काम चालूच असतं. तिला भरपाई मिळत नाही. नवरा घरी येऊन माफी मागत नाही, तो मंचावर दिसतही नाही. दुखर्‍या पायाने पुन्हा घराबाहेर पडायचंच आहे. आठवड्याला किती वार असतात हा प्रश्नच आवलीच्या आयुष्यात उद्भवत नाही.

दोष नाहीत असं नाही. काही वाक्यं टाळीची वाट पाहत थांबतात, आणि उत्तरार्धात भाषा स्वतःच्याच प्रेमात पडल्यासारखी वाटते. साधं बोलणारी आवली मला अलंकारिक बोलणार्‍या आवलीपेक्षा कितीतरी जास्त पटली. शिवाय नाटकातली गाणी इतकी गोड आहेत की घरी जाताना आवलीचा राग विसरून फक्त चाल लक्षात राहण्याचा धोका आहे. पण एवढ्या गोडव्यातूनही तो राग टिकला, निदान आमच्या रांगेत.

आई मध्यंतरात उठली नाही. बटाटावडा आणू का विचारलं तर नको म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘देहूचा घाट तिथून दिसतो तसाच आहे.’ देहू आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. भंडारा डोंगर त्याच्या पलीकडे. आम्ही लहानपणी तिथे जायचो, म्हणजे मी आणि आई, रविवारी. बाबांच्या वाटचा डबा सकाळीच भरून झालेला असायचा, आणि संध्याकाळी परत आल्यावर स्वयंपाक. आईला सुट्टी कधी असायची हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. लेखाच्या सुरुवातीला मी ‘बाबांची सुट्टी’ असं लिहिलं, तेव्हाही हे डोक्यात आलं नव्हतं.

प्रयोग संपल्यावर पार्किंगमध्ये नेहमीची गर्दी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडी चिंचवड स्टेशनच्या चौकात अडकली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘हे गुरुवारी लागतं का रे कधी?’

निवृत्त होऊन तेव्हा त्यांना दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, ‘बाबा, आता तुम्ही कुठल्याही वारी येऊ शकता.’

‘मला नाही,’ ते म्हणाले. ‘कंपनीतल्या पोरांना सांगायला.’