‘बॉडी हीट’ : शृंगार कीं शृंगाराभास?

शृंगार व खून यांची सांगड घालणारे चित्रपट आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत नांव काढण्याच्याहि योग्यतेचे समजले जात नाहींत. आणि बहुतेकांविषयीं हा निकाल बरोबरच आहे. परंतु लॉरेन्स कॅस्डन यांनीं लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘बॉडी हीट’ (१९८१) हा अमेरिकन चित्रपट त्यांतच ढकलून देणें अरसिकपणाचें होईल.

फ्लॉरिडांतील एका समुद्रकांठच्या गांवीं नेड रासीन हा बेताच्या बुद्धीचा वकील मॅटी वॉकर या धनिकपत्नीच्या नादीं लागतो, आणि दोघें मिळून तिच्या पतीचा कांटा काढतात. येथें बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इंडेम्निटी’ची (१९४४) आठवण अपरिहार्य आहे. त्या काळच्या हॉलिवुडच्या नीतिसंहितेमुळें वाइल्डरना वासना सुचवावी लागली, ती नायिकेच्या पायांतील सांखळीवर नायकाची नजर खिळवून. कॅस्डनपुढें तो अडसर नव्हता, म्हणून येथें पुष्कळच उघडें आहे. एवढ्यावरून जुनें तें सभ्य व नवें तें असभ्य ठरविणें फार सोपें आहे.

आपल्या साहित्यशास्त्रांत चंद्र, मलयवात, वसंत हे शृंगाराचे उद्दीपन विभाव. कॅस्डननीं त्यांच्या जागीं उकाडा ठेवला आहे: वारा पडलेला, कपडे अंगाला चिकटलेले, ज्याच्या त्याच्या तोंडीं उष्म्याचीच तक्रार. मॅटीच्या बंद घराभोंवतीं घुटमळणारा नेड अखेर खुर्चीनें कांच फोडून आंत शिरतो, तेव्हां प्रेक्षकाला पुरुषाचा आवेग तेवढा दिसतो. ती आंत स्तब्ध उभी राहून पाहत होती, याचा अर्थ फार उशिरां लागतो. रति एकाच बाजूची असली तर शास्त्रकार तिला रस न म्हणतां रसाभास म्हणतात. येथें तो आभास हेंच गुन्ह्याचें हत्यार आहे, आणि नायकाबरोबर प्रेक्षकहि भुलल्याखेरीज तें चालत नाहीं. झांकल्या शृंगारानें हें साधलें नसतें. (मुलांना घेऊन पाहण्याचा हा चित्रपट नव्हे, हें सांगावयास नकोच.) पॉल व्हर्होव्हेन यांच्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’मध्यें (१९९२) मात्र उघडेपणाचाच गाजावाजा इतका, कीं खुनाचा तपास कंटाळवाणा होतो.

मृत्युपत्राचा डाव विशेष देखणा आहे. संपत्ति अनिश्चित काळ बांधून ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. त्या नियमाचा भंग करणारें बनावट मृत्युपत्र मॅटी नेडच्या नांवावर पुढें आणते. तें रद्द ठरतें, आणि सारी दौलत विधवेकडे जाते. नेडनें पूर्वीं एका मृत्युपत्रांत घोंटाळा केलेला असल्यामुळें ही चूक त्याचीच, असें सर्वांस सहज पटतें. प्रियकराची निवड त्याच्या अज्ञानावरून! विल्यम हर्ट यांनीं हें आत्मसंतुष्ट अज्ञान फार चांगलें वठविलें आहे. कॅथलीन टर्नर यांचा हा पहिलाच चित्रपट; त्यांच्या संथ, घोगऱ्या आवाजावर अर्धें कथानक चालतें.

तुरुंगांत नेडला शाळेचें जुनें वार्षिक मिळतें आणि नांवांची अदलाबदल उलगडते. पुढें दूरच्या किनाऱ्यावर श्रीमंत झालेली मॅटी दिसते; चेहऱ्यावर आनंद म्हणून नाहीं. अखेरच्या भेटींत, तूं कांहींहि समज, माझें प्रेम खरेंच आहे, असें तिनें नेडला सांगितलेलें असतें. तो आभास तिच्याहि बाजूनें निव्वळ आभासच होता काय, हें टर्नरबाईंच्या त्या मुद्रेवरून मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.