वाटणी न देता वेगळं काढलेलं दुकान

टर्बो सी++ची ती निळी खिडकी पाहिली नाही असा कॉम्प्युटर शिकलेला विद्यार्थी आपल्याकडे माझ्या पिढीपर्यंत तरी सापडणं अवघड आहे. मूळ प्रोग्रॅम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. आम्ही तो विंडोजवर डॉसबॉक्सच्या पोटात घालून चालवायचो, `clrscr()` लिहायचो आणि व्हायवाला उत्तरं द्यायचो. सी++चं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८चं, म्हणजे आम्ही शिकलो ती भाषा त्याच्याही आधीची होती. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आज बोलायचंय ते ही खिडकी बनवणाऱ्या बोरलँड कंपनीबद्दल. जिच्यामुळे जग या कंपनीला ओळखत होतं, तो प्रोग्रॅमिंग टूल्सचा धंदाच तिने २००६ मध्ये बाजूला काढला. बिझनेसवाल्यांच्या लिखाणात याकडे ‘फोकस’चा निर्णय म्हणून पाहिलं जातं. मला तो चुकीचा वाटतो, पण ‘बोरलँडने आपली लेकरं विकली’ असं जुने डेल्फीवाले म्हणतात त्या कारणासाठी नाही.

थोडा इतिहास. १९८३ मध्ये फिलिप कान यांच्या बोरलँडने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकायला काढलं. तेव्हा पीसीवरच्या कंपायलरला शेकडो डॉलर पडायचे. त्यामागचा कंपायलर अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाचा. लायसन्ससुद्धा मजेशीर होतं: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा, कुणालाही द्या, फक्त एका वेळी दोघांनी वापरू नका. १९९५ मध्ये डेल्फी आलं आणि खिडक्या-बटणं असलेला विंडोज प्रोग्रॅम दुपारभरात बनवता येऊ लागला. पुढच्याच वर्षी हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी आधी सी शार्प घडवली आणि नंतर टाइपस्क्रिप्ट. एका कंपनीने गमावलेल्या माणसाची किंमत काढायची असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बोरलँडला मात्र टूल्सची दुकानदारी नेहमीच थोडी कमीपणाची वाटत आली. १९९१ मध्ये डीबेसवाली अ‍ॅश्टन-टेट सुमारे ४४ कोटी डॉलर मोजून घेतली, ती पचली नाही. १९९८ मध्ये मोठ्या कंपन्यांना आपण गंभीर वाटावं म्हणून चक्क नाव बदलून ‘इनप्राइज’ केलं, २००१ मध्ये परत ‘बोरलँड’. मग टुगेदरसॉफ्ट, स्टारबेस अशा कंपन्या घेतल्या. या सगळ्यांमागे ‘एएलएम’ नावाची कल्पना होती. सॉफ्टवेअर लिहिण्याचं साधन विकण्याऐवजी, ते लिहिणाऱ्या टीमवर देखरेख ठेवण्याची साधनं विकायची: मागण्यांची नोंद, बदलांचा हिशोब, चाचण्या. ग्राहक म्हणून प्रोग्रॅमरच्या जागी त्याचा मॅनेजर. फेब्रुवारी २००६ मध्ये एकाच दिवशी दोन घोषणा झाल्या: चाचणीची साधनं बनवणारी सेग सॉफ्टवेअर आम्ही घेतोय, आणि डेल्फी, सी++बिल्डर, जेबिल्डर यांच्यासाठी गिऱ्हाईक शोधतोय.

आता संशोधन काय सांगतं ते पाहू. कंपनीने एखादा विभाग वेगळा काढला की भागधारकांचं भलं होतं का, यावर फायनान्समध्ये भरपूर काम झालंय. १९८३ मध्येच, हाइट-ओवर्स आणि शिपर-स्मिथ अशा दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अशी घोषणा झाल्याच्या एक-दोन दिवसांत मूळ कंपनीचा शेअर बाजाराच्या मानाने सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास जास्त वर जातो. पद्धत सोपी आहे. बाजार एकूण जसा हलला त्यावरून तुमचा शेअर किती हलायला हवा होता याचा अंदाज काढायचा आणि प्रत्यक्ष आकड्यातून तो वजा करायचा. उरतो तो घोषणेचा परिणाम. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की हा फायदा मुख्यतः वेगळ्या प्रकारचा धंदा बाजूला काढणाऱ्या कंपन्यांना होतो. ‘फोकस’चं समर्थन येतं ते इथून.

पण या अभ्यासांतलं ‘वेगळं काढणं’ म्हणजे नव्या कंपनीचे शेअर जुन्याच भागधारकांना वाटून देणं. तिचा ताळेबंद वेगळा, संचालक वेगळे, पैसा वेगळा. बोरलँडने हे केलंच नाही. नऊ महिने गिऱ्हाईक शोधलं, मनासारखा भाव आला नाही, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कोडगिअर’ नावाची कंपनी काढली. तिची मालकी शंभर टक्के बोरलँडकडेच राहिली. एकत्र कुटुंबात धाकट्याला ‘तू आता वेगळा’ असं सांगायचं, चूल वेगळी मांडायची, पण जमिनीचा सातबारा थोरल्याच्याच नावावर ठेवायचा, तसला हा प्रकार. धाकट्याला स्वतःच्या नावावर कर्जही काढता येत नाही आणि कमाईचं काय करायचं हेही ठरवता येत नाही. म्हणून ‘फोकस’च्या संशोधनाचा दाखला या निर्णयाला लावणं मला मुळातच चुकीचं वाटतं. ज्या गोष्टीचे फायदे मोजले गेले, ती गोष्ट इथे घडलेलीच नव्हती.

दुसरं समर्थन जरा जास्त वजनदार आहे: टूल्स विकून पैसे मिळण्याचे दिवस संपले होते. आयबीएमने २००१ मध्ये एक्लिप्स फुकट खुलं केलं, तिथे जेबिल्डरचं कंबरडं मोडलं. मायक्रोसॉफ्टनेही व्हिज्युअल स्टुडिओची एक्सप्रेस आवृत्ती फुकट द्यायला सुरुवात केली. ज्यांचा खरा धंदा सर्व्हर किंवा विंडोज विकणं आहे त्यांना टूल फुकट वाटणं परवडतं. नुसती टूल्सच विकणाऱ्याने काय करायचं? प्रश्न रास्त आहे. पण याच काळात, २००० साली प्रागमध्ये सुरू झालेली जेटब्रेन्स नुसती टूल्सच विकत होती आणि आजही विकते. एक्लिप्स तिच्याही समोर होतंच. म्हणजे नुसती टूल्स विकून टिकता येत होतं. त्यासाठी मिळालेला पैसा पुन्हा टूलमध्येच घालावा लागत होता, आणि बोरलँडमध्ये तो एएलएमच्या खरेदीकडे वळत होता.

याचा परिणाम आपल्या भाषेपर्यंत पोचला होता, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडमध्ये दिसू लागली. हिंदी-मराठीसाठी विंडोजने जुन्या पद्धतीचं, २५६ अक्षरांचं कोड पेज कधी दिलंच नाही. या भाषा थेट युनिकोडमध्येच आल्या. डेल्फीचे बटणं, लेबलं, रकाने यांचे घटक मात्र त्या जुन्या कोड पेजवरच चालायचे. बटणावर ‘जतन करा’ असं युनिकोडमध्ये लिहिलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग दिसायची. मग उपाय दोनच. एक तर श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरायचे, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि डोळ्यांना मराठी, त्यामुळे शोधणं आणि अकारविल्हे लावणं दोन्हीची बोंब. नाहीतर बाहेरून कुणीतरी लिहिलेले युनिकोड घटक आणून जोडायचे. व्हिज्युअल बेसिक ६ मध्येही हेच रडगाणं होतं, पण मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये डॉटनेट आणून ते संपवलं. साध्या विंडोज प्रोग्रॅमसाठी डेल्फीत ही सोय आली ती ‘डेल्फी २००९’ या आवृत्तीत, २००८ साली, आणि तोवर मालक बदललेला होता. ज्या भाषांना जुनं कोड पेज होतं त्यांचं कसंबसं भागत होतं. मराठीचं अजिबात भागत नव्हतं. बोरलँडने मराठीचा दुस्वास केला असं मला मुळीच म्हणायचं नाही. सांभाळायचा पैसा दुसरीकडे वळला की आधी झळ कुणाला लागते, ते यात दिसतं.

पुढचं पटकन सांगते. २००८ मध्ये एम्बार्काडेरोने कोडगिअर सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. अ‍ॅश्टन-टेटसाठी मोजलेल्या रकमेशी ताडून पाहा. उरलेली ‘फोकस्ड’ बोरलँड पुढच्याच वर्षी मायक्रो फोकसच्या पोटात गेली. एम्बार्काडेरो २०१५ मध्ये आयडेराने घेतली. डेल्फी अजून जिवंत आहे, नवीन आवृत्त्या येतात. म्हणजे विकण्याने डेल्फी मेलं नाही, उलट वाचलं असंच म्हणावं लागेल. माझा आक्षेप विकण्याला नाहीच. विकायचं होतं तर चार वर्षं आधी, ताकद असताना विकायचं होतं. नाहीतर खरी वाटणी करून पूर्ण मोकळं करायचं होतं.

तिसराही मार्ग होता आणि तो बोरलँडनेच एकदा चालून पाहिला होता. २००० मध्ये तिने आपल्या इंटरबेस डेटाबेसचा सोर्स कोड खुला केला. नंतर कंपनीचं मन बदललं, पण तोवर त्या कोडमधून फायरबर्ड जन्मला होता आणि तो आजही स्वतंत्रपणे चालतो. वापरणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर कोण मालक, कोण उपकंपनी याचा फायरबर्डवाल्यांना काही फरक पडत नाही.

वर सांगितलेल्या दोन दिवसांच्या शेअर-भावाच्या अभ्यासात हा वापरणारा कुठेच नसतो. पंधरा वर्षांचा कोड दुसऱ्या भाषेत हलवायचा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, कारण तो हजारो छोट्या ऑफिसांत आणि लॅबमध्ये वाटला गेलेला असतो. आमच्याकडेच स्पेक्ट्रोमीटरचा डेटा वाचणारा एक प्रोग्रॅम डेल्फी ७ मध्ये लिहिलेला आहे. लिहिणारे सीनियर केव्हाच परदेशी गेले आणि नव्या आवृत्तीचं लायसन्स घ्यायला प्रोजेक्टमध्ये तरतूद नाही. गेला महिनाभर मी तो फुकट मिळणाऱ्या लझारसमध्ये आणतेय. फॉर्म बहुतेक सगळे उघडले, फाइल वाचणारा भाग दोन दिवसांत चालला. ग्राफ काढणारा घटक मात्र तिसऱ्याच कुणाकडून घेतलेला होता आणि त्याचा सोर्स आमच्याकडे नाही, तेवढा नव्याने लिहावा लागेल.