पाटील-पटेल एकच, पवार मात्र दोन

इंग्रजीत 'पवार' हे आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. कुणी मधला 'व' डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. साउंडेक्स नावाच्या पद्धतीला ही दोन्ही स्पेलिंगं दिली, तर एकाचा कोड येतो पी६०० आणि दुसऱ्याचा पी१६०. म्हणजे ही दोन वेगळी आडनावं ठरली. आता 'पाटील' आणि 'पटेल' देऊन बघा. दोघांचाही कोड पी३४०. म्हणजे हे एकच!

हसू येतं, पण या पद्धतीत बिघाड काही नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने १९१८ साली तिचं पेटंट घेतलं आणि पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदींची सूची करायला ती वापरली गेली. नियम सोपा आहे. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना सहा गटांचे आकडे द्यायचे. इंग्रजी कानाला डब्ल्यू हा जवळपास स्वर वाटतो, म्हणून तो गळतो. व्ही मात्र बी, एफ, पी यांच्या गटात बसतो. आपल्याला दोन्हीकडे एकच 'व' ऐकू येतो. साउंडेक्सला कान आहेत, पण ते आपल्या भाषेचे नाहीत.

साहित्याच्या अंकात एक्सेलचं काय काम, असं वाटू शकतं. पण दोन याद्यांमधली वेडीवाकडी लिहिलेली नावं जुळवणं हे मला दिवसेंदिवस वाचनाचंच काम वाटायला लागलंय. समोर दोन मजकूर आहेत आणि ते एकाच माणसाबद्दल आहेत का, हे ठरवायचंय. हे काम आपण ज्या साधनांवर सोपवतो, त्या प्रत्येकात कुणीतरी वाचक बसवलेला आहे. पुस्तकाची समीक्षा होते, तशी या वाचकांचीही व्हायला हवी.

सगळ्यांत जास्त वापरला जाणारा वाचक म्हणजे व्हीलुकअप. त्याला चौथी सूचना दिली नाही, तर तो 'अंदाजे जुळणी' गृहीत धरतो. हा शब्दच फसवा आहे. अंदाजे म्हणजे 'सुनिल' दिलं तर 'सुनील' सापडेल, असं वाटतं. प्रत्यक्षात यादी क्रमाने लावलेली आहे असं धरून, नेमकं नाव नसेल तर क्रमाने त्याच्या लगेच आधी येणारी नोंद तो उचलतो. यादी क्रमाने नसेल, तर कुणा भलत्याचीच रक्कम समोर आणून ठेवतो आणि चेहऱ्यावर रेषही हलत नाही. नंतर आलेल्या एक्सलुकअपमध्ये मुद्दाम सांगितलं नाही, तर काटेकोर जुळणीच होते. ही सुधारणा मला फार महत्त्वाची वाटते. माहीत नसेल तर 'नाही सापडलं' म्हणणारा वाचक, आत्मविश्वासाने चुकीचं सांगणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

पण काटेकोरपणालाही मर्यादा आहेत. 'कुऱ्हाडे' या आडनावातला अर्धा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पायथनला विचारा, तो म्हणेल की हे वेगळे आहेत. युनिकोडचं ठरावीक सामान्यीकरण चालवलं, तरी हा फरक जात नाही. 'ॲड.' मधल्या 'ॲ'चंही तेच. त्याला आता स्वतःचं एक चिन्ह आहे, पण 'अ'वर चंद्र देऊनही तो लिहिता येतो. तुम्ही तासभर डोळे फाडून दोन सेलकडे बघत बसलात, तरी फरक दिसणार नाही, कारण तो डोळ्यांना दिसण्यासारखा नाहीच.

मग येतो मोजणारा वाचक. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेलं अंतर सांगतं, की एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील. त्यांच्यापुढे प्रश्न होता संदेशवहनातल्या चुकांचा. तिथे चूक ही चूकच असते. नावांमध्ये तसं नसतं. 'सुनील' आणि 'सुनिल' यांच्यातलं अंतर १. 'सुनील' आणि 'सुशील' यांच्यातलं अंतरही १. पहिली जोडी म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आणि दुसरी म्हणजे बहुधा दोन भाऊ. आकड्याला यातलं काहीच कळत नाही. एक्सेलच्या पॉवर क्वेरीतल्या अंदाजे जुळणीत आपण मर्यादा भरली नाही, तर ती ०.८० धरली जाते. पद्धत वेगळी, पण मुद्दा तोच. हे ०.८० कुणाच्या नावांवरून ठरलं, हा प्रश्न आपण विचारतच नाही, कारण तो रकाना रिकामा सोडता येतो.

माझा आवडता वाचक ओपनरिफाइन. २०१० मध्ये फ्रीबेस ग्रिडवर्क्स म्हणून तो आला, मग गूगल रिफाइन झाला आणि २०१२ पासून ओपनरिफाइन म्हणून स्वयंसेवकांच्या हाती आहे. त्याची 'फिंगरप्रिंट' पद्धत नावातले शब्द सुटे करते, विरामचिन्हं काढते, शब्द वर्णक्रमाने लावते आणि मग तुलना करते. आपल्याकडे हे फार उपयोगी आहे. एका यादीत 'पाटील संजय रामराव' असतं, दुसरीत 'संजय रामराव पाटील'. फिंगरप्रिंट दोघांना एकत्र आणते.

आणि नेमकी इथेच घसरते. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. त्यामुळे 'संजय रामराव पाटील' यांच्या मुलाचं नाव 'रामराव संजय पाटील' असू शकतं. शब्द तेच तीन, फक्त क्रम वेगळा. मराठी नावात क्रम हाच अर्थ असतो. कोण कुणाचा मुलगा, हे तोच सांगतो. फिंगरप्रिंट तो क्रम पुसते आणि बाप-लेकाला एक करून टाकते.

तरीही हा वाचक मला आवडतो, कारण तो स्वतः निर्णय घेत नाही. गट करून समोर ठेवतो, प्रत्येक गटापुढे चौकोन असतो आणि टिक आपण करायची असते. माझी तक्रार आहे ती तिथल्या 'सगळे निवडा' या बटणाबद्दल. एवढा समजूतदार वाचक बनवायचा आणि त्याचं न ऐकण्याची सोयही शेजारीच ठेवायची!

हे सगळं मी एवढं ताणून का सांगतेय? एका संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या याद्या जुळवायचं काम माझ्याकडे आलं होतं. एक यादी शाळांकडून आलेली, दुसरी पैसे जमा झालेल्यांची. अशा कामात चुका दोन तऱ्हेच्या होतात. एकाच मुलीच्या नोंदी दोन समजल्या, तर निदान दोन ओळी उरतात. कुणीतरी विचारतं, चूक सापडते. दोन मुलींना एक समजलं, तर एक ओळ 'डुप्लिकेट' म्हणून गळते. जिची गळली तिला कुणी कळवत नाही. आपलं नाव यादीत होतं, हेही तिला माहीत नसतं. साधनांच्या जाहिराती 'किती नोंदी जुळल्या' हे सांगतात. कोण गळलं, हे कुणी सांगत नाही.

बायकांच्या नावांपाशी तर सगळेच वाचक हात टेकतात. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलंही. माहेरच्या आणि सासरच्या नावातलं अंतर कोणत्याही सूत्राने मोजा, ती दोन परकी माणसंच निघणार. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला आहे. निर्णय स्वागतार्हच आहे. पण 'नावात तीन शब्द' असं धरून चालणाऱ्या प्रत्येक शीटला आता हे नव्याने शिकवावं लागेल.

उपाय नाही असं नाही. इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचा जो सिद्धांत मांडला, त्यात उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: जुळतं, जुळत नाही आणि कदाचित. तिसऱ्या ढिगातल्या नोंदी माणसाने बघायच्या. याच विचारात एक साधं शहाणपणही आहे. दोन नोंदींत 'पाटील' सारखं असणं हा फारसा पुरावा नाही, एखादं दुर्मिळ आडनाव सारखं असणं हा मोठा पुरावा आहे. आपल्या रोजच्या शीटमधून नेमका हा 'कदाचित'चा ढीगच गायब असतो.

आणि याहून जुना नमुना पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. देशभरातल्या वेगवेगळ्या लिप्यांमधली हस्तलिखितं शब्दाशब्दाने ताडून पाहिली गेली. संपादकांनी एक पाठ निवडून वर छापला, पण बाकीचे फेकले नाहीत. पानाच्या तळाशी पाठभेद दिले, कोणत्या पोथीत काय आहे या नोंदीसह. निवड चुकली असं उद्या कुणाला वाटलं, तर त्याच पानावर ती तपासता येते.

आपण डेटा 'साफ' करतो, तेव्हा नेमकं उलट करतो. मूळ सेलवर नवं नाव लिहितो, फाइल पुढे पाठवतो आणि पाठभेद संपतात. म्हणून कोणतंही जुळवणीचं साधन आता मी एकाच प्रश्नावर तपासते: शंका आली तर हे काय करतं? ती दाखवतं, जपून ठेवतं की गिळून टाकतं?

तुमच्या पुढच्या शीटमध्ये तीन जास्तीचे कॉलम ठेवा. मूळ नाव जसं आलं तसं, जुळवलेलं नाव आणि कशावरून जुळवलं ते. फाइल थोडी जाड होईल. पण 'डुप्लिकेट' म्हणून गळलेली मुलगी उद्या विचारायला आली, तर तिची ओळ कुठे गेली, हे दाखवता येईल.