अस्पष्ट छायाचित्राचे मोल

छायाचित्र हाती आले की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "चेहरा नीट आला आहे ना?" हा. लग्नाचा समारंभ, पारपत्राचा अर्ज किंवा कचेरीतील निरोपसमारंभ या प्रसंगी तो प्रश्न रास्तच आहे. तेथे छायाचित्राने साक्षीदाराचे काम करावयाचे असते. परंतु हीच मोजपट्टी घेऊन आपण रॉक संगीताच्या रंगमंचावर टिपलेल्या छायाचित्रांकडे वळलो तर मोठी पंचाईत होते. या क्षेत्रात सर्वांत गाजलेले जे एक चित्र आहे त्यात चेहरा दिसत नाही, आकृतीची कड फुसकटलेली आहे, आणि ज्या बाईंनी ते टिपले त्यांनीच ते छापू नये असा आग्रह धरला होता. तरीही ते चित्र थोर आहे असे आमचे मत आहे, आणि त्याची कारणे रूढ स्तुतीहून वेगळी असल्यामुळे ती येथे मांडण्याचे योजले आहे.

हे चित्र सप्टेंबर १९७९ मधील. द क्लॅश हा लंडनचा वाद्यवृंद त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नाट्यगृहात खुर्च्या पक्क्या बसविलेल्या होत्या आणि पहारेकरी श्रोत्यांस उभे राहू देत नव्हते. उभ्या, नाचत्या गर्दीपुढे वाजविण्याची सवय असलेल्या या मंडळींस ते सहन झाले नाही. बास गिटार वाजविणाऱ्या पॉल सिमननने अखेर आपले वाद्य मानेस धरून उचलले आणि जमिनीवर आपटले. पेनी स्मिथ या छायाचित्रकार तेथे मंचावरच होत्या. सिमनन त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार जवळ होता. त्या मागे सरकत असतानाच कळ दाबली गेली. पुढे डिसेंबर १९७९ मध्ये 'लंडन कॉलिंग' ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्या वेष्टनावर हेच चित्र आले. ते अस्पष्ट आहे म्हणून वापरू नये, असे स्मिथ यांचे म्हणणे होते. गायक जो स्ट्रमर आणि वेष्टनाची मांडणी करणारे रे लाउरी यांनी ते मानले नाही.

ही हकीकत बहुधा विनोदाने सांगितली जाते. जणू कलावतीला स्वतःच्या कृतीची पारख नव्हती! आम्हांस हा अन्याय वाटतो. छायाचित्रकाराच्या धंद्याचे काही नियम असतात, आणि त्या नियमांनी पाहता स्मिथ यांचा आक्षेप अचूक होता. तो का अचूक होता आणि तरीही का निकालात निघाला, हे समजण्यासाठी मंचावरील प्रकाशाचा थोडा हिशेब मांडला पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये. हिशेब सोपा आहे.

रॉकच्या मंचावर प्रकाश पुष्कळ असतो असे दुरून वाटते. वस्तुतः तो असतो थोडा, आणि तोही सतत जागा बदलणारा. एका दिव्याचा झोत गायकाच्या कपाळावर असतो तेव्हा त्याच्या हातापासून चार बोटांवर मिट्ट काळोख असतो. दिव्यांपुढे लाल वा निळे पारदर्शक कागद लावले की उजेडाचा मोठा भाग तेथेच गिळला जातो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक बिचारा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. चौकट बहुतांश काळी असल्याने तो अधिक प्रकाश मागतो, आणि ती मागणी पुरवावी तर चेहरा चुन्यासारखा पांढरा पडतो. म्हणून जाणते लोक फक्त चेहऱ्यावरचा प्रकाश मोजतात किंवा मापकाकडे न पाहता अनुभवाने आकडे लावतात. त्यातच वादक उड्या मारीत असतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात त्याचा हात धुरासारखा येतो. तो गोठवावयाचा तर शटर अडीचशेव्या भागाइतके जलद हवे, म्हणजे आठपट प्रकाश हवा. तो आणावा कोठून? भिंगाचे तोंड पूर्ण उघडावे, तर स्पष्टतेचा पट्टा कागदासारखा पातळ होतो. ८५ मिलिमीटरचे भिंग १.४ वर उघडून तीन मीटरवरील माणूस टिपू लागलो तर जेमतेम १० सेंटिमीटरांची खोली स्पष्ट राहते. नाक स्पष्ट आले तर कानाची खात्री नाही. अशा स्थितीत अंगावर चालून येणारा माणूस नेमका त्या पट्ट्यात सापडणे हा योगायोगच. स्मिथ यांस तो साधला नाही. एवढाच त्या अस्पष्टतेचा अर्थ आहे, आणि तिच्यात गूढ असे काही शोधू नये.

मग चित्र टिकले कशावर? मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे सांगितली, ती आम्हांस येथे उपयोगी पडतात. (नभोवाणीच्या सरकारी नोकरीत राहून त्यांनी हा विचार केला, याचे आम्हां कारकुनांस थोडे अधिक अगत्य वाटते, ते सोडा.) सिमननची पाठ कमानीसारखी वाकलेली आहे, पाय फाकलेले आहेत, मान छातीत गेली आहे. गिटारची मान दोन्ही मुठींत, आणि वाद्याचे धड अद्याप जमिनीस लागावयाचे आहे. त्या कमानीचा आणि वाद्याच्या सरळ दांड्याचा विरोध, दोन फाकलेल्या पायांनी तोललेला तो भार, आणि भोवती मंचाची रिकामी, करडी जागा. या रचनेस स्पष्ट कडांची गरजच नाही. २०१० साली ब्रिटनच्या टपालखात्याने गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांची तिकिटे काढली, त्यांत हेही होते. टपाल तिकिटाच्या आकारात अस्पष्टता कोणास दिसणार? ती कमान मात्र तेथेही तशीच उठून दिसते. आकृतीची घडण पक्की असली की आकार लहान झाल्याने किंवा कड विरल्याने ती मोडत नाही.

येथे एका प्रतिष्ठित मताशी आमचा मतभेद आहे. 'क्यू' या ब्रिटिश मासिकाने २००२ साली हे रॉक संगीताचे सर्वोत्कृष्ट छायाचित्र ठरविले, आणि त्याच्या भक्तांकडून नेहमी एकच स्तुती ऐकू येते: येथे माणसाचा स्वतःवरील ताबा पुरता सुटला आहे. आम्हांस तसे दिसत नाही. ताबा सुटलेला माणूस वेडावाकडा पडतो. हा माणूस लाकूड फोडणाऱ्यासारखा उभा आहे. पायांचे अंतर, पाठीचा बाक, मुठींची पकड, सारे एका कामाला जुंपलेले आहे. संताप आहे, पण तो शरीराने शिस्तीत वाहून नेलेला संताप आहे. बेभानपणाची चित्रे या क्षेत्रात पैशाला पासरी मिळतात, आणि ती दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.

वेष्टनावरील अक्षरांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. डाव्या कडेने उभी गुलाबी आणि तळाशी आडवी हिरवी अक्षरे, ही मांडणी लाउरींनी एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ मधील पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेवरून जाणूनबुजून उचलली. त्या जुन्या वेष्टनावरील छायाचित्र १९५५ साली फ्लॉरिडातील टँपा येथे काढलेले आहे. एल्व्हिसचे डोळे मिटलेले, तोंड उघडे, गिटार छातीशी. दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून पाहावीत. एकात वाद्य कवटाळले आहे, दुसऱ्यात तेच जमिनीकडे निघाले आहे; अक्षरे मात्र जागची हललेली नाहीत. चोवीस वर्षांतील एका संगीतप्रकाराचा इतिहास त्या दोन चौकोनांत आला आहे. म्हणून हे यश एकट्या छायाचित्राचे नाही, आणि स्मिथ यांनी सुटे चित्र पाहून नकार दिला यात नवल नाही. त्यांच्यापुढे एक फसलेली प्रत होती. लाउरींपुढे एक उत्तर होते.

याच्या जोडीला दुसरे एक चित्र घ्यावे. १८ जून १९६७ च्या रात्री कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने अखेरच्या गीताच्या शेवटी आपली गिटार पेटविली. एड कॅरेफ हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा मंचाला लागून एका खुर्चीवर उभा होता. ज्वाळांची आच लागू नये म्हणून कॅमेरा तोंडापुढे ढालीसारखा धरून त्याने ते टिपले. या चित्रात हेंड्रिक्स गुडघ्यांवर आहे आणि हात वर करून ज्वाळांना जणू अधिक वर बोलावीत आहे. प्रकाशाचा हिशेब येथे उलटा झाला आहे. एरवी मंचावरील प्रकाश बाहेरून येतो आणि कलावंत त्याचा विषय असतो; येथे विषयानेच प्रकाश दिला. चित्र मनात राहते ते या कारणाने, आगीच्या तमाशामुळे नव्हे. पुढे या काळ्यापांढऱ्या चित्रास रंगही चढविण्यात आले. ते आम्हांस रुचत नाहीत. ज्वाळा नारिंगी असते हे सांगण्यासाठी रंग लागत नाही.

त्या पिढीचे काळेपांढरे चित्र कणीदार आणि गडद असे, तेही बव्हंशी गरजेपोटी. कोडॅकची ट्राय-एक्स ही फिल्म ३५ मिलिमीटरच्या रिळांत १९५४ साली आली. चारशेची ही फिल्म आठशे किंवा सोळाशेची आहे असे समजून वापरावी आणि मग डार्करूममध्ये अधिक वेळ धुवावी, हा मंचावरच्या छायाचित्रकारांचा नित्याचा तोडगा होता. मात्र या तोडग्याने सावल्यांत नवे काही उगवत नाही. तेथे प्रकाश पोहोचलेलाच नसतो. उजळ भाग तेवढा अधिक उजळतो आणि काळोख ठार काळा होतो. रॉक संगीताचा म्हणून जो 'गंभीर' काळा रंग आपण ओळखतो, तो पुष्कळसा या रसायनाचा प्रसाद आहे. मर्यादेतून शैली घडते याचे इतके उघड उदाहरण दुसऱ्या कलांत क्वचितच मिळेल.

ती मर्यादा आता राहिलेली नाही. २००७ मध्ये निघालेला निकॉनचा डी-३ हा अंकीय कॅमेरा ६४०० च्या संवेदनक्षमतेवर सहज काम करी, म्हणजे जुन्या चारशेच्या फिल्मच्या सोळापट. त्यानंतरचे कॅमेरे याही पुढे गेले. अडचणी संपल्या असे मात्र नाही, त्यांनी वेष बदलला. मंचावर आता एलईडी दिवे आले आहेत. त्यांचा गर्द निळा वा लाल झोत चेहऱ्यावर पडला की कॅमेऱ्यातील एकच रंग काठोकाठ भरून ओसंडतो, बाकीचे दोन उपाशी राहतात, आणि नाकडोळ्यांच्या जागी एक सपाट निळा डाग उरतो. यातील पुष्कळ दिवे डोळ्यांस कळणार नाही अशा वेगाने उघडझाप करीत असतात. शटरचा वेग त्यांच्याशी जुळला नाही तर चित्रावर आडवे पट्टे येतात. पुष्कळ जण अशी चित्रे काळीपांढरी करून मोकळे होतात. गरज म्हणून त्यास आमची हरकत नाही. पण तीच चित्रे पुढे 'जुन्या परंपरेतील' म्हणून मिरविली जातात, तेव्हा हसू येते.

आज दोन प्रकारची छायाचित्रे उदंड झाली आहेत आणि दोन्ही आम्हांस सारखीच निर्जीव वाटतात. पहिला प्रकार निर्दोष चित्रांचा. प्रत्येक केस मोजून घ्यावा, घामाचा थेंब स्पष्ट, आणि गायक मेणाचा. दिवसभर ज्यांच्या हातांखालून साक्षांकित प्रती जातात त्या आम्हांस खरी नक्कल म्हणजे काय ते ठाऊक आहे. तीत अक्षर न् अक्षर असते, आवाज नसतो. दुसरा प्रकार मुद्दाम हलविलेल्या चित्रांचा. स्मिथ यांच्या चित्राची कीर्ती ऐकून अनेकांनी अस्पष्टता हेच मर्म मानले. शटर सावकाश ठेवून कॅमेरा हिसडला की दिव्यांच्या रेघा निघतात आणि खाली 'ऊर्जा' असे लिहिता येते. स्मिथ स्पष्ट चित्रासाठी झटत होत्या, हे या अनुयायांच्या ध्यानी येत नाही. त्या चित्रातील अस्पष्टतेच्या मागे एक हुकलेला प्रयत्न आहे, आणि पाहणाऱ्यास अंतराचा धोका जाणवतो तो त्यामुळेच. जेथे धोकाच नव्हता तेथे रेघांनी काय सांगावे?

परप्रांती राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी काहींस हा विषय फार दूरचा वाटेल. तसा तो नाही. मुंबईच्या रंगभवनात १९८० साली 'द पोलीस' हा इंग्रज वाद्यवृंद वाजवून गेला. त्याच शहरात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' या नावाने देशी वाद्यवृंदांचे मेळावे भरू लागले. २००७ मध्ये बंगळूरच्या पॅलेस मैदानावर 'आयर्न मेडन'साठी देशभरातून तरुण लोटले. अशा ठिकाणी मंचाच्या पायथ्याशी आता आपलेही छायाचित्रकार उभे असतात, आणि जगभरचा एक नियम त्यांनाही लागू होतो: पहिली तीन गीते टिपा, फ्लॅश वापरू नका, नंतर बाहेर व्हा.

फ्लॅशची बंदी आम्हांस पूर्ण मान्य आहे. फ्लॅशने मंचावरील प्रकाशाची सारी योजना पुसली जाते. तीन गीतांच्या अटीचे मात्र समर्थन करता येत नाही. पहिल्या तीन गीतांत वादक ताजेतवाने, केस विंचरलेले, हालचाली ठरलेल्या. व्यवस्थापकांस नेमके हेच हवे असते. हेंड्रिक्सने गिटार पेटविली ती शेवटच्या गीतात. ही अट त्या रात्री असती तर कॅरेफ खुर्चीवरून उतरून केव्हाच फाटकाबाहेर गेला असता. जिम मार्शल हे अमेरिकन छायाचित्रकार पूर्ण मोकळीक मिळाल्याखेरीज कामच घेत नसत; २०१० साली ते वारले, आणि त्यांच्यासारखी अट घालण्याची ऐपत आता फार थोड्यांची आहे.

अलीकडे याहून पुढची पायरी गाठली गेली आहे. काही वाद्यवृंद आत सोडण्यापूर्वी छायाचित्रकाराकडून करारपत्रावर सही घेतात. चित्र कोठे व किती वेळा छापावे हे ते ठरविणार, आणि कधीकधी मालकीही त्यांचीच. २०१५ च्या जुलैत 'फू फायटर्स' या वाद्यवृंदाच्या अशाच करारावर सही करण्यास वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने नकार दिला. त्याच महिन्यात कॅनडातील क्वेबेकच्या एका दैनिकाने त्यांच्या कार्यक्रमास कॅमेरेवाला पाठविलाच नाही. त्याच्याऐवजी चित्रकार धाडला, आणि छायाचित्राच्या जागी रेखाचित्र छापले.