पडदा मोठा, मजकूर तेवढाच

शाळेसाठी संगणकाचा मॉनिटर घ्यायचा म्हटले, की आपला पहिला प्रश्न असतो : किती इंची? जाहिरातीही हाच आकडा ठळक छापतात. आमचा आक्षेप इथेच आहे. हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. चित्र ज्या ठिपक्यांचे बनते ते किती, हे त्यातून कळत नाही. २४ आणि २७ इंची पडद्यांवर पुष्कळदा सारखेच, १९२० × १०८० ठिपके असतात. मग २४ इंचीवर एका ठिपक्याची रुंदी सुमारे ०.२८ मिलिमीटर, तर २७ इंचीवर ०.३१. म्हणजे जास्त पैसे मोजून मजकुराची एक ओळही जास्त मावत नाही. जवळून वाचताना जोडाक्षरे मात्र अधिक ओबडधोबड दिसतात.

लांबून चित्रफीत दाखवायला मोठा पडदा बराच. पण मुलांना हातभर अंतरावरून वाचायचे असेल, तर २७ इंचीत २५६० × १४४० ठिपक्यांचाच पाहावा. नाहीतर २४ इंची पुरे.

दुकानात जाताना एखादा मराठी धडा सोबत न्यावा आणि पडद्यावर वाचून पाहावा. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक चटकन दिसला पाहिजे. आमच्या मते, शाळेसाठी खरी कसोटी हीच.