पाठीचा भोपळा कधी सोडायचा?

विद्यापीठाचा एखादा अभ्यासक्रम कोणालाही खुला केला, पाठ्यपुस्तक ठेवले नाही, काय वाचायचे तेही ज्याचे त्याने ठरवायचे असे सांगितले, तर काय होईल? २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी नेमके हेच करून पाहिले. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५, इंटरनेटवरून विनामूल्य आलेले सुमारे २,२००. ‘मूक’ हे नाव प्रथम याच अभ्यासक्रमाला मिळाले.

येथे ठराविक असा वर्गच नव्हता. जो तो आपापल्या ब्लॉगवर लिही. एक संगणक-प्रणाली ते लेखन गोळा करून रोजच्या टपालपत्रातून सर्वांना पाठवी. सगळे वाचू नका, निवडा, असे शिक्षकच सांगत. ज्ञान म्हणजे जोडण्यांचे जाळे, हा अभ्यासाचा विषय. अभ्यासाची रीतही तशीच. ही सुसंगती दाद देण्याजोगी आहे. एरवी विद्यापीठांच्या संगणकीय वर्गांत सत्र संपले की दार बंद होते आणि विद्यार्थ्याचे लेखन आतच राहते. अमेरिकेतील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३ पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाची संकेतस्थळे देऊ केली. पदवीनंतर ती सोबत नेता येतात. विद्यार्थ्याचे काम विद्यार्थ्याचेच, हा विचार मोलाचा आहे.

मात्र आक्षेपही गंभीर आहे. मॅनिटोबाच्या प्रयोगात भाग घेतलेल्यांचा अभ्यास मॅकनेस, मॅक आणि विल्यम्स यांनी २०१० मध्ये मांडला. मोकळीक, विविधता आणि स्वायत्तता जितकी वाढते, तितकी रचनेच्या व आधाराच्या अभावी शिकणे अडण्याची शक्यताही वाढते, असे त्यांना आढळले. ज्याला काय शोधायचे हे आधीच ठाऊक आहे, त्याला निवडीचे स्वातंत्र्य हवेसे वाटते. नवख्याला तोच गोंधळ वाटतो. बहुसंख्य सहभागी नुसते वाचत राहिले. आपल्या मराठी कानाला ‘मूक’ हे नाव अगदी समर्पक वाटावे! आणखी एक गोष्ट. दार सर्वांसाठी उघडले, पण स्वाध्याय तपासले गेले ते शुल्क भरणाऱ्यांचेच. माहिती हजारोंना वाटता येते, शिक्षकाचे लक्ष तसे वाटता येत नाही.

मग पुन्हा साचेबंद अभ्यासक्रमाकडे वळायचे का? नाही. खेड्यात विहिरीवर पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधतात. तो कायम ठेवला तर पोर पोहायला शिकत नाही. पहिल्याच दिवशी सोडला तर बुडते. तो कधी सोडायचा हे ठरते काठावरच्या माणसाच्या नजरेने. मोकळ्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी पाणी सर्वांना खुले केले, ही त्यांची कामगिरी. काठावरचा माणूस मात्र त्यांच्या हिशेबातून निसटला.

आपल्या वर्गात एखादा मोकळा प्रकल्प देताना आपणही हे विचारावे: आज कोणाचा भोपळा सोडायचा, आणि कोणाचा अजून काही दिवस ठेवायचा?